बुडवायच्या वह्या

धंदा कसा बंद करावा, याचा सर्वोत्तम नमुना सतराव्या शतकात देहूला घडला. तुकोबांच्या घरी महाजनकी आणि सावकारी. परंपरा सांगते, की दुष्काळानंतर त्यांनी कर्जखतांच्या दोन वाटण्या केल्या. एक धाकट्या कान्होबाला दिली आणि स्वतःची इंद्रायणीत सोडली. ना ऑडिट, ना नोटीस!

आम्ही राहायला संत तुकाराम नगरात. पण हिशेबाचे छोटेसे ऑफिस गुंडाळताना आम्हाला घाम फुटला. कारण आमच्याकडे कर्जखते नव्हती, भोसरीच्या लहान कारखान्यांची पगारपत्रके होती.

पिंपरीचा इतिहास लोक उभा वाचतात. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ साली एमआयडीसी आली, वगैरे. आम्ही तो पगारपत्रकावर आडवा वाचला. मूळ रकाने दोनच, हजेरी आणि रोज. मग १९३६च्या कायद्याने मालकाच्या मनमानी कपातीला लगाम घातला. १९४८ने ईएसआय आणला, १९५२ने प्रॉव्हिडंट फंड, १९६५ने बोनस आणि १९७५ने व्यवसायकर. वही रुंदावत गेली. शेवटी टेबल पुरेना म्हणून कॉम्प्युटर आला, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आता तुम्ही म्हणाल, दुकान बंद करायच्या वेळी सॉफ्टवेअर कशाला बदलायचे? घर सोडायच्या महिन्यात भिंतींना रंग कशाला? पण आमची कामे ज्या तरुणाने घेतली, त्याचे सॉफ्टवेअर निराळे. त्याला आमच्या जुन्याची भाषा कळेना. दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाचा व्यवसायकर महिना २०० रुपये, फेब्रुवारीत मात्र ३००. कारण वर्षाचे २५०० भरले पाहिजेत. सगळ्यांत तोकड्या महिन्याला सगळ्यांत लांब कर! नव्या सॉफ्टवेअरला हे काही केल्या पटेना.

पण खरी मेख तारखांची. १९९५पासून मालकाच्या वर्गणीतला ८.३३ टक्क्यांचा वाटा पेन्शनकडे जातो, आणि दहा वर्षांची सेवा भरली तर अठ्ठावन्नाव्या वर्षी मासिक पेन्शन मिळते. यूएएन आला २०१४ साली. त्याआधी कारखाना बदलला की खाते क्रमांकही बदले. म्हणजे लेथवरचा एकच माणूस चार कारखान्यांत राबला, तर कागदोपत्री चार माणसे. एकीकडे दत्तू, दुसरीकडे दत्तात्रय. आकडे इकडून तिकडे नेताना एक तारीख घसरली, की म्हातारपणी त्याने हेलपाटे घालायचे.

तुकोबांनी बुडवले ते स्वतःचे येणे. आमच्या वह्यांत होते दुसऱ्यांचे येणे. स्वतःचे बुडवले तर माणूस संत होतो. दुसऱ्याचे बुडवणाऱ्याला मराठीत ‘बुडव्या’ म्हणतात.

म्हणून दोन महिने दोन्ही सॉफ्टवेअर शेजारी शेजारी चालवली, रुपयाला रुपया ताडून पाहिला, आणि प्रत्येक कामगाराच्या हाती त्याच्या तारखांचा कागद दिला. एका लेथवाल्याने तो दोनदा वाचला.

“साहेब, तारखा बरोबर आहेत. पण पगारवाढीचा रकाना कुठंय?”

तो रकाना कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये आपोआप भरत नाही.