चार जन्मतारखा आणि एक विश्वचषक

आपल्याकडे एका पिढीतल्या असंख्य माणसांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, एक जूनला. आईला आठवायचे ते एवढेच, की पोर पोळ्याच्या सुमारास झाले किंवा त्या वर्षी नदीला मोठा पूर आला होता. मग शाळेत नाव घालताना गुरुजी मनाशी हिशेब करायचे, मूल पहिलीत बसेल अशा बेताने एक जून लिहायचे आणि मोकळे व्हायचे. त्यात कुणाला फसवायचा हेतू नसे. पण जन्मतारीख मुद्दाम बदलली, तर ती केवढ्याला पडू शकते, याची एक गोष्ट फुटबॉलच्या इतिहासात आहे. चार तरुण खेळाडूंच्या खोट्या वयापायी एक अख्खा देश विश्वचषकाला मुकला. तो देश म्हणजे मेक्सिको.

फुटबॉलचा मोठा विश्वचषक आपण रात्र रात्र जागून पाहतो. वीस वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. 'फिफा'ने ती १९७७ मध्ये ट्युनिशियात सुरू केली. दर दोन वर्षांनी ती भरते आणि तिच्यात उतरायचे तर आधी आपापल्या खंडात पात्रता फेरी खेळावी लागते. या पात्रता फेरीकडे तर कुणाचेच लक्ष नसते. एखाद्या शहरात दहा-बारा दिवस सामने होतात, प्रेक्षक थोडे, वर्तमानपत्रांत निकालाच्या दोन ओळी. पण त्या मैदानावर धावणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी तेच सारे आयुष्य असते. इथे निवड झाली तर जगापुढे जाता येणार, नाही तर नाही. कारण पुढच्या खेपेस वय उलटून गेलेले असते.

एप्रिल १९८८ मध्ये उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे यांची अशी पात्रता फेरी ग्वाटेमालात झाली. पुढच्या वर्षीची जागतिक युवा स्पर्धा सौदी अरेबियात होणार होती. मेक्सिको हा या भागातला थोरला भाऊ. १९७० आणि १९८६ असे दोन विश्वचषक त्याने भरवलेले. १९८६ ला तर घरच्या मैदानावर त्याचा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला होता आणि पश्चिम जर्मनीकडून हरला तोही पेनल्टी शूटआऊटमध्ये. अशा देशाला शेजारच्या लहान देशांच्या मुलांना हरवण्यासाठी लबाडी करायची खरे तर काही गरज नव्हती. तरी ती झाली. वयाची मर्यादा ओलांडलेले चार खेळाडू तारखा बदलून संघात घातले गेले. या वयात दोन-तीन वर्षांचा फरक मोठा असतो. अंगातली ताकद वेगळी, अनुभवही वेगळा.

गंमत पाहा, ही लबाडी कुणा गुप्तहेराने पकडली नाही. मेक्सिकोच्या फुटबॉल महासंघाचे स्वतःचे एक वार्षिक पुस्तक निघत असे. त्यात खेळाडूंची माहिती, जन्मतारखांसह, छापलेली असे. अंतोनियो मोरेनो नावाच्या क्रीडापत्रकाराने ते पुस्तक चाळले आणि त्यातल्या तारखा युवा संघाच्या तारखांशी ताडून पाहिल्या. चौघांच्या तारखा जुळेनात. एका हाताने लिहिलेले दुसऱ्या हाताने पुसायचे राहून गेले होते! बातमी छापून आली, तिला पाय फुटले आणि प्रकरण देशाबाहेर गेले. मेक्सिकोत अशा खोटेपणाने घुसवलेल्या माणसाला 'काचिरूल' म्हणतात. या प्रकरणाला तेच नाव पडले, 'काचिरूलेस'.

युवा संघ स्पर्धेतून बाद होईल, फार तर पदाधिकाऱ्यांवर कारवाई होईल, असा बहुतेकांचा अंदाज होता. पण ३० जून १९८८ रोजी 'फिफा'ने निकाल दिला तो निराळाच. मेक्सिकोच्या सगळ्या राष्ट्रीय संघांवर, सगळ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी, दोन वर्षांची बंदी. दोनच वर्षांपूर्वी ज्या देशाने विश्वचषकाचे यजमानपद भूषवले, त्याला हा दंड!

सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, ते इथे अक्षरशः खरे ठरले. मेक्सिकोचा ऑलिंपिक संघ आपली पात्रता फेरी रीतसर जिंकून सोलला निघायच्या तयारीत होता. त्या मुलांनी काही खोटे केले नव्हते. ते घरी बसले आणि त्यांच्या जागी गेला ग्वाटेमाला. सप्टेंबरमध्ये ऑलिंपिक, हाती जेमतेम अडीच महिने. बिचारा संघ तिन्ही सामने हरून परतला.

त्याहून मोठा घाव १९९० च्या विश्वचषकाचा. मेक्सिकोचा ऊगो सांचेस तेव्हा रेआल माद्रिदकडून खेळत होता. स्पेनच्या साखळीत सर्वाधिक गोल करण्याचा मान त्याने पाच वेळा मिळवला. १९८९-९० च्या मोसमात त्याने ३८ गोल केले. युरोपभर त्याच्या नावाचा दबदबा होता आणि इटलीत विश्वचषक सुरू झाला तेव्हा हा माणूस प्रेक्षक होता. त्याने कधी कुणाची जन्मतारीख बदलली नव्हती. मेक्सिको पुन्हा विश्वचषकात दिसला तो १९९४ मध्ये. तोवर सांचेस पस्तिशीत पोचला होता; त्या स्पर्धेत तो एकच सामना खेळला.

कुणाचे दार बंद होते तेव्हा कुणाचे उघडतेही. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत कोस्टा रिकाची गाठ मेक्सिकोशी पडायची होती. मेक्सिको बाद, म्हणून कोस्टा रिकाला पुढे चाल मिळाली. हा छोटा देश पहिल्यांदाच विश्वचषकाला गेला आणि तिथे स्कॉटलंड व स्वीडन यांना हरवून बाद फेरीत पोचला. दुसरी जागा अमेरिकेची. नोव्हेंबर १९८९ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला पॉल कॅलिजिउरीच्या एकमेव गोलाने त्रिनिदादला हरवून अमेरिका १९५० नंतर प्रथमच विश्वचषकात आली. त्याआधी सौदी अरेबियातल्या युवा स्पर्धेतही हेच दोन देश या भागातर्फे खेळले. तिथे अमेरिकेची मुले चौथी आली आणि त्यांचा गोलरक्षक केसी केलर स्पर्धेतला दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू ठरला. मेक्सिको असता तर हे झालेच नसते असे नाही. पण रस्ता सोपा झाला, हे खरे.

या चोरीत मेक्सिको एकटा होता असेही नाही. त्याच सुमारास नायजेरियाच्या काही खेळाडूंच्या निरनिराळ्या स्पर्धांतल्या जन्मतारखा जुळेनात. त्या देशावर बंदी आली आणि १९९१ च्या युवा स्पर्धेचे यजमानपद काढून पोर्तुगालला देण्यात आले. फिगो आणि रुई कोस्टा यांच्या पिढीने ती स्पर्धा लिस्बनमध्ये, लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर जिंकली.

मग कागदावर भरवसा ठेवायचा कसा? 'फिफा'च्या डॉक्टरांनी शरीरालाच विचारायचे ठरवले. मनगटाच्या हाडाच्या टोकाशी वाढीची एक कूर्चा असते. वय वाढते तशी ती हाडात मिसळून जाते. सतराव्या वर्षाआधी ती पूर्ण मिसळून गेलेली असण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी. एमआरआय केले की हे दिसते. २००९ मध्ये नायजेरियात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून ही तपासणी सुरू झाली आणि खुद्द यजमानांनाच आपले अनेक खेळाडू वगळावे लागले. नवा संघ उभा करूनही नायजेरिया अंतिम सामन्यापर्यंत गेला, हेही सांगायला हवे. लबाडीवाचून चालत होते, हे त्यातून दिसलेच. पुढे २०१७ मध्ये हाच विश्वचषक भारतात आला. नवी मुंबईत आणि गोव्यात आपल्या लोकांनी ही मुले प्रत्यक्ष खेळताना पाहिली.

पण यात एक मेख आहे. विशीपर्यंत बहुतेकांची ती कूर्चा मिसळून गेलेली असते. म्हणजे १९८८ ला हे यंत्र असते, तरी ते चौघे त्यात सापडले नसते. त्या वयात कागदच साक्षीदार, आणि कागद निगुतीने वाचणारा एखादा पत्रकार.

मेक्सिकोने पुढे काय केले? २००५ मध्ये त्याच्या सतरा वर्षांखालील मुलांनी पेरूत ब्राझीलला अंतिम सामन्यात ३-० असे हरवले. फुटबॉलमधले मेक्सिकोचे ते पहिले जगज्जेतेपद. २०११ मध्ये घरच्या मैदानावर त्यांनी ते पुन्हा मिळवले. जी गोष्ट तारखा बदलून मिळवायला गेले आणि सारे गमावून बसले, तीच खऱ्या वयाच्या मुलांनी आणून दिली.

राहून राहून एकच वाटते. ग्वाटेमालात त्या चौघांच्या जागी जे चार खरे विशीच्या आतले मेक्सिकन मुलगे जायला हवे होते, ते कोण होते? त्यांची नावे ना त्या वार्षिक पुस्तकात शोधता येतात, ना बंदीच्या हुकमात. निवडच न झालेल्या मुलाची नोंद कुणी ठेवत नाही.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)