बालवयातील वर्तनसमस्या व सहविकार

लहान मुलांमधील आक्रस्ताळेपणा, मारकुटेपणा, अति चळवळ किंवा अबोलपणा दीर्घकाळ टिकून घर, शाळा व झोप विसकटू लागला, तर ती वर्तनसमस्या होय. तिच्यामागे बहुधा एकच विकार नसतो : अतिचंचलतेसोबत अध्ययन अक्षमता, स्वमग्नतेसोबत चिंता वा निद्रानाश आढळतो. अमेरिकी निदानपुस्तिका स्वमग्नता व अतिचंचलता ही निदाने एकत्र करू देत नसे. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ही अट काढली. उत्तर गोव्यासह देशात पाच ठिकाणी झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मेंदूच्या विकासाशी निगडित विकार असलेल्या २ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे एक पंचमांश मुलांत एकाहून अधिक विकार दिसले.

मुंबईत घाटकोपर-अंधेरीच्या दहा बाय बाराच्या खोलीत कुकरची शिट्टी, टीव्ही आणि शेजारचे भांडण एकदमच कानांवर आदळते. आवाज न सोसणारे मूल कान दाबून किंचाळते आणि ‘हट्टी’ ठरते. अशा मुलाला मार देणे घातक आहे. आधी ऐकू येते का, फिट येतात का, हे तपासायला हवे. नंतर पालक-प्रशिक्षण, वाचोपचार व व्यवसायोपचार, औषध त्यापुढचे. विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयात महापालिकेचा मानसोपचार विभाग आहे.

दिव्यांग हक्क कायद्यात (२०१६) स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. अतिचंचलतेचा स्वतंत्र समावेश नाही, ही मोठी उणीव आहे.