संसर्गजन्य रोग आणि सार्वजनिक प्रवास : यवतमाळ जिल्हा

संसर्गजन्य रोगाने आजारी असलेल्या माणसाने आगगाडी, बस, टांगा यांसारख्या सामायिक वाहनातून प्रवास करावा की नाही, करावा लागल्यास कोणती खबरदारी घ्यावी आणि सहप्रवाशांनी त्याच्याशी कसे वागावे, यांविषयीचे कायदे, नियम व लोकसंकेत यांचा यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भातील इतिहास. या इतिहासात एक अडचण प्रारंभापासून दिसते. नियम रुग्णाला प्रवास करू नको असे सांगतात आणि जिल्ह्यातील रुग्ण मात्र बहुधा रुग्णालय गाठण्यासाठीच घराबाहेर पडलेला असतो. सु. १३,५०० चौ. किमी. क्षेत्राच्या या जिल्ह्यात लोहमार्ग तुरळक आहेत व मोठी रुग्णालये दीर्घकाळ जिल्ह्याबाहेरच होती. त्यामुळे ही अडचण येथे इतरत्रापेक्षा अधिक तीव्रतेने जाणवली.

आगगाडी येण्यापूर्वी साथीच्या काळातील वर्तनाचे संकेत गावगाड्यातच ठरलेले होते. देवी किंवा गोवर निघालेल्या घराच्या दारावर कडुलिंबाचे डहाळे लावीत. ते पाहून परका माणूस उंबऱ्याच्या आत येत नसे आणि घरातील मंडळीही बाहेरगावी जाण्याचे टाळीत. ही प्रथा देवीच्या कोपाच्या भयातून आलेली असली, तरी तिचा परिणाम विलगीकरणाचाच होता. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडण्याची रीत महाराष्ट्रात सर्वदूर होती. शेजारच्या गावाने तो पुढच्या शिवेवर न्यावा अशी अपेक्षा असे. रोग हा प्रवासी आहे आणि तो एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे सोपविला जातो, ही जाणीव या रीतीत स्पष्ट दिसते. मात्र पुढच्या गावाचे काय, हा प्रश्न तीत नाही. प्लेगाच्या काळात लोक याच्या नेमके उलट करीत : निरोगी माणसेच गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहत. प्लेगाचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होत असल्याने त्या काळातील सर्व उपायांत हाच बहुधा सर्वांत शास्त्रशुद्ध ठरला.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला; परंतु तो यवतमाळपासून दूर उत्तरेकडून गेला. यवतमाळला जाणारा प्रवासी धामणगाव स्थानकावर उतरे व तेथून सु. ४५ किमी. अंतर दमणीने, रेंगीने किंवा टांग्याने काटी. हा प्रवास भाड्याचा असला, तरी गाडीवान व प्रवासी एकमेकांना बहुधा ओळखत आणि आजाऱ्याला नेण्यासाठी गाडी वेगळी ठरविता येई. सामायिक डब्यात अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसण्याचा प्रसंग जिल्ह्यात १९०३ मध्ये आला. त्या वर्षी मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंदमापी लोहमार्ग सुरू झाला. कापसाच्या वाहतुकीसाठी खाजगी कंपनीने बांधलेला हा सु. ११३ किमी. लांबीचा मार्ग पुढे ‘शकुंतला’ या नावाने ओळखला जाऊ लागला. कारंजा, दारव्हा, लाडखेड या वाटेने जाणाऱ्या या गाडीचे डबे अरुंद व वेग मंद. त्यामुळे थोडे अंतर जाण्यासही तासन्‌तास लागत. खोकणाऱ्या माणसाशेजारी किती वेळ बसावे लागते यावर श्वसनमार्गाच्या रोगांचा संसर्ग बराच अवलंबून असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या मंदगतीचे महत्त्व कळते.

कायदा मात्र या गाडीच्या आधीच तयार होता. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम २६९ अन्वये जीवितास धोकादायक अशा रोगाचा संसर्ग पसरेल असे कृत्य हयगयीने करणे व कलम २७० अन्वये ते दुष्टबुद्धीने करणे हे गुन्हे ठरले. या कलमाचा आगगाडीच्या प्रवाशाला लावलेला अर्थ मद्रास उच्च न्यायालयाच्या १८८३ मधील एका निर्णयात आढळतो. आपणास पटकी झाली आहे हे माहीत असूनही रेल्वेच्या अधिकाऱ्यांना न कळविता प्रवास करणारा इसम दोषी ठरला. एवढेच नव्हे, तर त्याची अवस्था ठाऊक असून त्याचे तिकीट काढणारा व त्याच्यासोबत प्रवास करणारा सोबतीही अपप्रेरणेबद्दल दोषी ठरविण्यात आला. १८९० च्या रेल्वे अधिनियमात हाच दृष्टिकोन आला. कलम ७१ प्रमाणे सांसर्गिक रोग झालेल्या व्यक्तीस स्थानकप्रमुखाच्या विशेष परवानगीवाचून गाडीत चढता येत नसे आणि परवानगी देणाऱ्याने रुग्णाला इतरांपासून वेगळे बसविण्याची व्यवस्था करणे बंधनकारक होते. कलम ११७ अन्वये नियम मोडणाऱ्या रुग्णास व त्याला सांभाळून नेणाऱ्यास वीस रुपयांपर्यंत दंड होई; भाडे जप्त होई व गाडीतून उतरविलेही जाई. जाणूनबुजून, वेगळी व्यवस्था न करता, अशा रुग्णास प्रवास करू देणाऱ्या रेल्वे सेवकाचा दंड मात्र शंभर रुपयांपर्यंत होता. हा फरक अर्थपूर्ण आहे. रुग्णाला वेगळी जागा देण्याचे कर्तव्य कायद्याने वाहतूक करणाऱ्यावर टाकले होते. पण चार डब्यांच्या अरुंदमापी गाडीत वेगळी जागा आणावयाची कोठून? परवानगी मागणारा प्रामाणिक रुग्ण फलाटावरच राहणार आणि न सांगता बसणारा मुक्कामी पोहोचणार, अशी या तरतुदीची व्यवहारातील परिणती होती.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्‌भवला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम संमत झाला. रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करणे व संशयितांना रुग्णालयात किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळे ठेवणे, हे अधिकार त्यात स्पष्ट शब्दांत दिले होते. कल्याणसारख्या स्थानकांवर गाड्या थांबवून प्रवाशांना फलाटावर उभे करीत व काखा, मान, जांघा चाचपून गाठी पाहत. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना सर्वांदेखत रांगेत उभे राहावे लागे, तर वरच्या वर्गातील, विशेषतः यूरोपीय प्रवाशांची विचारपूस डब्यातच होई. स्त्रियांच्या तपासणीने विशेष क्षोभ झाला. पुण्यातील प्लेग-अधिकारी रँड यांच्यावर २२ जून १८९७ रोजी झालेला हल्ला हा या सक्तीविरुद्धच्या संतापाचा कळस होय. त्या काळी यवतमाळचा प्रदेश वऱ्हाडच्या वणी जिल्ह्यात मोडत असे (‘यवतमाळ जिल्हा’ हे नाव १९०५ च्या पुनर्रचनेत रूढ झाले). पुढील काळात वऱ्हाडातही प्लेगाच्या साथी येत राहिल्या. या तपासणीचा वैद्यकीय उपयोग थोडाच होता. ग्रंथिक प्लेग सामान्यतः माणसाकडून माणसाला थेट होत नाही; पिसवा धान्याच्या पोत्यांतून, कपड्यांच्या गाठोड्यांतून व मालासोबत जातात. माणसांची कसून झडती होत असताना माल पुढे जात राही. तपासणीचा एक परिणाम मात्र टिकाऊ ठरला : प्रवासात आजार लपवावा, ही वृत्ती लोकांत रुजली (→ प्लेग).

आजार दिसतो किती आणि तो पसरतो किती, यांतील तफावत कुष्ठरोगाच्या बाबतीत सर्वांत क्रूर ठरली. १८९८ च्या कुष्ठरोगी अधिनियमाने शासनास असा अधिकार दिला, की ज्याला व्रण झाले आहेत अशा कुष्ठरुग्णास अन्नपदार्थ विकण्यास, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्यास आणि भाड्याच्या सार्वजनिक वाहनात बसण्यास मनाई करता यावी. रेल्वेचा डबा त्यातून वगळला होता. कारण त्यासाठी १८९० चा अधिनियम होताच. कुष्ठरोगाच्या जंतूंचा संसर्ग सावकाश व दीर्घ निकट सहवासाने होतो. झडलेली बोटे ही बहुधा जुन्या, कित्येकदा बऱ्या झालेल्या रोगाची खूण असते. तिचा सहप्रवाशाला धोका नसतो. तरीही गाडीतून उतरविले जाई ते अशाच माणसाला. क्षयाचे जंतू खोकल्यावाटे हवेत सोडणारा प्रवासी शेजारीच बसलेला असला, तरी त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नसे. यवतमाळच्या रुग्णांना या बहिष्काराची झळ अधिक बसली. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे सुरू केलेले कार्य, शिवाजीराव पटवर्धन यांचे अमरावतीचे तपोवन (१९४६) व बाबा आमटे यांचे वरोड्याजवळील आनंदवन (१९४९) या तीनही संस्था शेजारच्या जिल्ह्यांत उभ्या राहिल्या. उपचाराची दारे तीन दिशांना उघडी होती. परंतु तेथवर जाण्यासाठी वाहन हवे आणि वाहनात जागा नाही, अशी स्थिती होती. रुग्ण पायी मजल दरमजल करीत या संस्थांकडे येत, ते याच कारणाने.

१९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाने या सर्व नियमांची मर्यादा उघडी पाडली. जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेला हा रोग लोहमार्गांनी देशभर पसरला व सप्टेंबर ते नोव्हेंबरमधील दुसऱ्या लाटेत मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातील अत्यंत होरपळलेल्या प्रांतांपैकी एक ठरला. देशातील मृत्यूंचे अंदाज सामान्यतः सव्वा ते दोन कोटींच्या दरम्यान आहेत. त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता. टंचाईमुळे लोक कामाच्या शोधात फिरत होते. या रोगाचा संसर्ग लक्षणे दिसण्याच्या सु. एक दिवस आधीपासून होऊ शकतो. ज्याला आपण आजारी आहोत हे ठाऊकच नाही, त्याने स्थानकप्रमुखाची परवानगी मागावी हे अशक्य होते.

स्वातंत्र्यानंतर प्रवासाचे मुख्य साधन बस हे झाले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे त्याची बससेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात (१९६१) समाविष्ट झाली. पुसद, उमरखेड, पांढरकवडा, घाटंजी, वणी या भागांतील खेड्यांना एस. टी. हेच एकमेव परवडणारे वाहन राहिले. मोटार वाहन नियमांनीही संसर्गजन्य रोग्यास सार्वजनिक वाहनात घेण्यास मनाई केली आणि डॉक्टरच्या लेखी विनंतीवरून नेल्यास इतर प्रवासी न घेण्याची व नंतर वाहन निर्जंतुक करण्याची अट घातली. हे नियम कागदावर निर्दोष आहेत. पण दिवसातून दोनदा येणाऱ्या बसच्या वाहकाने ते पाळावेत अशी अपेक्षा करणे कठीण होते. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये निघाले. तोपर्यंत गंभीर रुग्णाला सु. १५० किमी.वरील नागपूरचे किंवा १९६९ नंतर सेवाग्रामचे रुग्णालय गाठावे लागे आणि तेही बसनेच. शासनाला ही गोष्ट ठाऊक होती. म्हणूनच एका हाताने मनाई करणाऱ्या व्यवस्थेने दुसऱ्या हाताने क्षयरोग्यांना व कुष्ठरोग्यांना उपचारार्थ प्रवासासाठी एस. टी. व रेल्वेच्या भाड्यात सवलत दिली. या विसंगतीतच, मनाईपेक्षा अधिक, शहाणपण होते.

बसमधील संकेत नियमांपेक्षा सवयींनी घडले. तोंडावर पदर किंवा उपरण्याचे टोक धरणे, ओकारी येणाऱ्यास व आजाऱ्यास खिडकीची जागा देणे, कांजिण्या झालेल्या मुलाला अंगभर गुंडाळून मागच्या बाकावर नेणे, या गोष्टी कोणी न सांगता होत आल्या. उघडी खिडकी हा त्यांतील सर्वांत मोलाचा भाग म्हणावा लागेल. वाहत्या हवेने डब्यातील जंतू विरळ होतात आणि जुन्या लाल बसच्या खडखडणाऱ्या खिडक्यांनी क्षयाचा किती संसर्ग टाळला असेल, याची गणतीच नाही. पावसाळ्यात व थंडीत त्या बंद होत आणि हा लाभ संपे. याउलट थुंकण्याची सवय सूचना-फलकांना दाद देत नसे. खर्रा खाणाऱ्या या जिल्ह्यात ‘थुंकू नये’ या अक्षरांवरच पिचकारी मारलेली आढळे.

रुग्णाचा प्रवास खऱ्या अर्थाने कमी झाला तो मनाईने नव्हे, तर औषध गावाजवळ आल्याने. १९८३ पासूनच्या राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातील बहुविध औषधोपचाराने रुग्ण अल्पावधीत असांसर्गिक होऊ लागला. १९९७ पासून टप्प्याटप्प्याने राबविलेल्या सुधारित क्षयरोग कार्यक्रमात औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात, कित्येक ठिकाणी गावातच मिळू लागले. योग्य उपचार सुरू झाल्यावर क्षयरोग्याची संसर्गक्षमता सामान्यतः काही आठवड्यांतच पुष्कळ घटते. कायदा मात्र मागेच राहिला. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम ५६ मध्ये परवानगी व विलगतेची जुनी तरतूद जवळजवळ तशीच आली. दंड वगळला गेला, परंतु तिकीट जप्त करून रुग्णास व त्याच्या सोबत्यास उतरविण्याचा अधिकार राहिला. विधी आयोगाने एप्रिल २०१५ मधील आपल्या २५६ व्या अहवालात कुष्ठबाधितांविषयीच्या भेदभावाचा विचार करताना या कलमाचीही दखल घेतली.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ ची साथ आली, तेव्हा राज्यात १८९७ चाच अधिनियम लागू करण्यात आला. दुबईहून परतलेल्या प्रवाशांपैकी काही जण महिन्याच्या मध्यास यवतमाळात बाधित आढळले; राज्यातील आरंभीच्या रुग्णांत त्यांची गणना होते. त्याच सुमारास गृहविलगीकरणातील व्यक्तींच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारण्याचा निर्णय झाला. असे शिक्के असलेल्या चार प्रवाशांना १८ मार्च रोजी पालघर येथे आगगाडीतून उतरविण्यात आले. सहप्रवाशांनीच शिक्के पाहून तक्रार करावी, हा नवा प्रकार होता. प्लेगाच्या काळात तपासणारा अधिकारी असे, आता प्रत्येक शेजारी तपासनीस झाला. २२ मार्चपासून प्रवासी गाड्या व पाठोपाठ एस. टी. बंद झाल्या. आंतरजिल्हा बस २० ऑगस्ट २०२० रोजी निम्म्या आसनांवर पुन्हा सुरू झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची पहिली चिन्हे अमरावती, यवतमाळ व अकोला या जिल्ह्यांत दिसली व तेथे निर्बंध पुन्हा लागू झाले. १८९७ च्या अधिनियमात २०२० मध्ये दुरुस्ती होऊन बस, आगगाडी, मालवाहू वाहन व विमान यांची तपासणी करण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. दंड संहितेची जुनी कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ व २७२ मध्ये जवळजवळ त्याच शब्दांत आली आहेत.

शकुंतलेची फेरी आता बंद आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या रुंदमापी मार्गाचा कळंबपर्यंतचा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तातडीच्या रुग्णांना नेते. परंतु तपासणीसाठी किंवा औषधे घेण्यासाठी जाणारा क्षयरोगी तातडीचा रुग्ण ठरत नाही. तो एस. टी.च्या थांब्यावरच उभा असतो.