‘अ टाइम टू किल’ : ज्यूरीचा इतिहास आणि सूडाचे समर्थन

१९९६ च्या जुलै महिन्यात अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘अ टाइम टू किल’ हा चित्रपट न्यायालयीन नाट्याचा लोकप्रिय नमुना म्हणून ओळखला जातो. जॉन ग्रिशॅम यांच्या १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कादंबरीवर तो आधारित असून जोएल शूमाकर हे त्याचे दिग्दर्शक होत. मिसिसिपी राज्यातील क्लॅन्टन या काल्पनिक गावात दहा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीवर दोन गोरे तरुण पाशवी अत्याचार करतात. त्यांना शिक्षा होणार नाही अशी खात्री झालेला मुलीचा पिता कार्ल ली हेली न्यायालयाच्या इमारतीतच दोघांना गोळ्या घालून ठार करतो. त्याच्यावर खुनाचा खटला चालतो, जेक ब्रिगन्स हा तरुण गोरा वकील त्याचा बचाव करतो आणि सर्व सभासद गोरे असलेली ज्यूरी त्याला निर्दोष ठरविते. कथानक एवढेच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला या चित्रपटात कथानकापेक्षा त्याने गृहीत धरलेल्या गोष्टी अधिक बोलक्या वाटतात.

पहिले गृहीत म्हणजे पित्याची खात्री. शेजारच्या डेल्टा भागात अशाच गुन्ह्यातून चार गोरे तरुण सुटले, याची आठवण तो वकिलाला करून देतो. ही खात्री निराधार नव्हती. बलात्काराच्या गुन्ह्यासाठी अमेरिकेत १९३० नंतर ४५५ व्यक्तींना फाशी देण्यात आली. त्यांपैकी ४०५ कृष्णवर्णीय होत्या. हे आकडे १९७२ च्या ‘फर्मन विरुद्ध जॉर्जिया’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी आपल्या निकालपत्रात नोंदविले आहेत. प्रौढ स्त्रीवरील बलात्कारासाठी देहदंड देणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय १९७७ मध्ये झाला. तोपर्यंत एकाच गुन्ह्याची शिक्षा वर्णानुसार कशी बदलत होती, हे या आकड्यांवरून दिसून येते.

दुसरे गृहीत ज्यूरीविषयीचे आहे, आणि तेच अधिक महत्त्वाचे. चित्रपटात ज्यूरी संपूर्ण गोरी आहे. प्रेक्षकही ते मुकाट्याने स्वीकारतो. वस्तुतः केवळ गोऱ्यांनाच ज्यूरीत घेण्याचा पश्चिम व्हर्जिनियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८८० मध्येच रद्द केला होता. त्यामुळे दक्षिणेकडील राज्यांनी वेगळा मार्ग शोधला. मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत मतदानासाठी साक्षरतेची व करभरण्याची अट घातली आणि ज्यूरीचे सभासद पात्र मतदारांमधूनच निवडले जातील असे ठरविले. शब्दांत वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता. परिणाम मात्र असा झाला की, मतदारयादीतून वगळलेला कृष्णवर्णीय समाज आपोआप ज्यूरीतूनही वगळला गेला. १८९८ मध्ये ‘विल्यम्स विरुद्ध मिसिसिपी’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या व्यवस्थेस मान्यता दिली. (स्त्रियांना तर मिसिसिपीत १९६८ पर्यंत ज्यूरीत बसताच येत नव्हते, याबाबतीत हे राज्य अमेरिकेत सर्वांत शेवटचे ठरले.) १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतर याद्या बदलल्या, तेव्हा सरकारी वकिलांच्या हाती एक जुने साधन उरलेच होते. ते म्हणजे कोणतेही कारण न देता ठरावीक संख्येने संभाव्य सभासदांना नाकारण्याचा अधिकार. वर्णाच्या आधारे हा अधिकार वापरण्यास १९८६ च्या ‘बॅट्सन विरुद्ध केंटकी’ या निर्णयाने बंदी घातली. ग्रिशॅम ही कादंबरी लिहीत होते तो काळ नेमका हाच होय.

अशा ज्यूरीचा व्यवहार कसा चाले, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मिसिसिपीचेच आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये शिकागोहून आजोळच्या नातलगांकडे आलेल्या चौदा वर्षांच्या एमेट टिल या मुलाचे अपहरण करून त्याची हत्या करण्यात आली. रॉय ब्रायंट व जे. डब्ल्यू. मायलम या आरोपींवर सप्टेंबरमध्ये समनर येथे खटला चालला. टालाहाची परगण्यात कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असूनही नोंदणीकृत कृष्णवर्णीय मतदार एकही नव्हता. ज्यूरीत अर्थातच बारा गोरे पुरुष बसले. गावातील पाचही वकील आरोपींच्या बाजूने उभे राहिले. मुलाचे वयोवृद्ध नातलग मोझेस राइट यांनी भर न्यायालयात बोट दाखवून आरोपींना ओळखले; त्या काळात यासाठी लागणाऱ्या धैर्याची कल्पना आज करणे अवघड आहे. बचाव पक्षाच्या वकिलाने अखेरच्या भाषणात सभासदांच्या अँग्लो-सॅक्सन रक्तालाच आवाहन केले. ६७ मिनिटांत आरोपी निर्दोष ठरले. जानेवारी १९५६ मध्ये ‘लुक’ नियतकालिकातून दोघांनी मोबदला घेऊन हत्येची कबुली दिली. एकदा सुटलेल्या आरोपीवर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालविता येत नसल्याने त्याचा काहीही उपयोग झाला नाही.

हा इतिहास लक्षात घेतला म्हणजे चित्रपटातील अखेरचे भाषण वेगळे दिसू लागते. ब्रिगन्स ज्यूरीला डोळे मिटावयास सांगतो, मुलीवरील अत्याचाराचे वर्णन करतो आणि शेवटी ती मुलगी गोरी असल्याची कल्पना करण्यास सुचवितो. या क्षणी प्रेक्षक हेलावतो. पण युक्तिवाद म्हणून पाहता तो समनरमधील आवाहनाचेच दुसरे रूप आहे. सभासदांनी गोरे म्हणूनच विचार करावा, अशी दोन्हींची अपेक्षा आहे. कृष्णवर्णीय मुलीचे दुःख तिच्या स्वतःच्या रूपात न्यायालयात प्रवेश करू शकत नाही. त्यासाठी तिला क्षणभर गोरे व्हावे लागते. कादंबरीत हे आवाहन वकील करीत नाही. बंद दाराआड चाललेल्या चर्चेत ज्यूरीतील एक स्त्री ते करते. चित्रपटाने ते नायकाच्या मुखी घातल्याने नाट्य वाढले. मात्र पूर्वग्रहाची जाणीव ज्यूरीला आतूनच होते, हा कादंबरीतील सूक्ष्म अर्थ त्यामुळे गमावला गेला.

या कथेच्या उगमाकडेही दुर्लक्ष करता येत नाही. १९८४ मध्ये हर्नांडो येथील न्यायालयात वकील ग्रिशॅम यांनी अत्याचारपीडित बारा वर्षांच्या मुलीची साक्ष ऐकली आणि तिच्या पित्याने आरोपीस ठार केले तर काय होईल, हा प्रश्न त्यांना सुचला. त्या प्रत्यक्ष खटल्यातील मुलगी गोरी व आरोपी कृष्णवर्णीय होता. लेखकाने वर्णांची अदलाबदल केली. ती केली नसती तर मिसिसिपीच्या वाचकाला या कथेत नवे काहीच आढळले नसते, कारण गोऱ्या स्त्रीच्या अब्रूचा सूड हेच झुंडीने केलेल्या हत्यांचे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेलेले समर्थन होते. १८७७ ते १९५० या काळात दक्षिणेत चार हजारांहून अधिक कृष्णवर्णीय अशा रीतीने मारले गेले. हे समर्थन बहुतांशी खोटे असल्याचे आयडा बी. वेल्स यांनी १८९२ पासून लेखणीने दाखवून दिले. झुंडबळींविरुद्धचे डायर विधेयक १९२२ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत होऊनही सिनेटमध्ये अडविले गेले. असा केंद्रीय कायदा एमेट टिल याच्याच नावाने अखेर २०२२ मध्ये झाला. सूडाला सहानुभूती देणारी ज्यूरी हे ज्या अन्यायाचे साधन होते, त्याच साधनाने चित्रपट न्याय मिळवू पाहतो. ही त्याची खरी अडचण आहे.

कायद्याच्या दृष्टीने कार्ल लीचा बचाव वेडेपणाचा आहे. मिसिसिपीत त्यासाठी १८४३ मधील इंग्लंडच्या मॅक्नॉटन खटल्यातून निघालेली कसोटी लावली जाते. भारतीय दंड संहितेचे कलम ८४, आणि २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२, हेही त्याच कुळातील आहेत. या कसोटीवर कार्ल ली टिकत नाही. आपण काय करीत आहोत हे त्याला पूर्ण ठाऊक होते, असे चित्रपटच दाखवितो. तेव्हा ज्यूरीचा निर्णय कायद्याचा नसून भावनेचा आहे. महाराष्ट्रातील वाचकाला येथे १९५९ चा नानावटी खटला आठवेल. तेथेही ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीस निर्दोष ठरविले होते. परंतु सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले आणि जन्मठेप झाली. अमेरिकन व्यवस्थेत तशी सोय नाही.

चित्रपटाने द्वेषाला क्लॅनचा पांढरा झगा घातला, हेही इतिहासाशी पूर्णपणे जुळत नाही. क्लॅनचे अत्याचार खरेच होते. परंतु १९५४ मध्ये मिसिसिपीतील इंडियानोला येथे स्थापन झालेल्या सिटिझन्स कौन्सिलमध्ये व्यापारी, वकील आणि बँकवाले होते. ज्यूरीच्या बाकावरही झगेवाले नव्हे, असेच प्रतिष्ठित नागरिक बसत.

चित्रपट प्रदर्शित होण्याच्या आठच दिवस आधी, १६ जुलै १९९६ रोजी, मिसिसिपीतील विनोना गावी फर्निचरच्या दुकानात चार जणांची हत्या झाली. कर्टिस फ्लॉवर्स या कृष्णवर्णीय आरोपीवर त्याबद्दल एकाच सरकारी वकिलाने सहा वेळा खटला चालविला आणि त्या सहा खटल्यांत ४२ पैकी ४१ संभाव्य कृष्णवर्णीय सभासदांना नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी ही शिक्षा रद्द केली. सुमारे तेवीस वर्षे तुरुंगात काढल्यानंतर, सप्टेंबर २०२० मध्ये, फ्लॉवर्सवरील आरोप मागे घेण्यात आले.