खिरणीच्या मुळावर चिकू

घोलवड-बोर्डीच्या वाड्यांत मी कलमं बांधतो. माझा बापही हेच करायचा. म्हणून डहाणूच्या चिकूचा इतिहास मी मुळापासून सांगतो.

चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. घोलवडला त्याची लागवड 1898 च्या सुमारास झाली, असं फळबागांच्या पुस्तकांत नोंदलंय. पुढे इराणी-पारशी बागायतदारांनी या किनाऱ्याला कालीपत्ती जातीच्या चिकूच्या वाड्या वाढवल्या. पण झाडाला मूळ दिलं चिकूच्याच कुळातल्या खिरणीच्या झाडाने. बियांवरचा चिकू फळाला बरीच वर्षं लावतो आणि फळ आईसारखं येईल याचा भरवसा नसतो. म्हणून खिरणीचं रोप मांडवावर चढवून कालीपत्तीच्या फांदीला भिडवायचं, दोघांची साल तासायची, काप जुळवून घट्ट बांधायचे. हे भेट कलम. सांधा धरला की वरचा खिरणीचा शेंडा आणि खालची चिकूची फांदी कापायची. लावणीनंतरही सांध्याखालून खिरणीचे फुटवे येतात. ते वेळेवर काढले नाहीत तर खिरणी माजते आणि चिकू मागे पडतो.

या वाड्यांत राबणारे हात बहुतेक आम्हा वारल्यांचे. याच मुलखात जमीनदारांची वेठ होती. लग्नासाठी कर्ज काढलेला गडी बायकोसकट सावकाराकडे राबायचा, त्याला लग्नगडी म्हणत. 23 मे 1945 ला तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेच्या हाकेवर हजारो आदिवासी जमले, गोदावरी परुळेकर त्यांच्याशी बोलल्या आणि लोकांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी गवतकापणीला 500 पौंडांमागे अडीच रुपये मागितले गेले. 10 ऑक्टोबरला तलवाड्यात जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड होते. आज मी कामाआधी मजुरी ठरवतो, ती त्यांच्या जिवावर.

2016 मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. मला त्याचा अभिमान आहे. पण वाडी बघायला आलेल्यांना माती आणि खारा वारा दाखवताना झरी आणि तलवाडाही सांगा. आणि बांधावरची जुनी खिरणी तोडू नका. तिचं बी मिळालं नाही, तर पुढचं कलम बांधायचं कशावर?