फियाट, ओपेल आणि आमच्या वाडीतले उस्ताद

मंडळी, आपल्या बडोद्याच्या मराठी घरांच्या आठवणी निघाल्या की वाडे निघतात, दांडिया बाजार आणि रावपुरा निघतो, गणपती निघतो, संगीत शाळा निघते. गाड्या क्वचितच निघतात. आज गाड्यांबद्दल लिहितो, त्यातही युरोपच्या गाड्यांबद्दल. "गाडी दणकट असते हो, पण मागची सर्व्हिस मिळत नाही" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. ते अर्धंच खरं आहे, आणि ते का, हे आपल्या गावाच्या नि शेजारच्या हालोलच्या इतिहासातून नीट समजतं.

सुरुवात कलाभवनापासून करायला हवी. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला सगळं एका छपराखाली. दादासाहेब फाळके तिथं शिकून गेले, हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्या संस्थेनं गावात लेथवर हात बसलेली माणसं तयार केली, याचा उल्लेख कमी होतो. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तिथलेच. तोवर कलाभवन महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेलेलं होतं. दादा डिप्लोमा करून कोयलीच्या रिफायनरीत मेंटेनन्सला लागले. आणि वाडीत आमच्या घरामागच्या गल्लीत एक उस्ताद होते. शिक्षण सातवी, पण इंजिनाचा आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह ढिला आहे ते सांगायचे. दादांचं पुस्तकी ज्ञान आणि उस्तादांचा हात, या जोडीवर आमच्या घरच्या गाड्या चालल्या.

आमची पहिली गाडी फियाट ११००, सेकंडहँड. नवी गाडी तेव्हा पैसे असले तरी मिळायची नाही, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. ही गाडी मुंबईत कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये बनायची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली ही कंपनी काढली, आधी अमेरिकन गाड्या जोडल्या, आणि १९५४ पासून फियाट ११०० आली. पुढं तीच १९७० च्या दशकात प्रीमिअर पद्मिनी झाली. इटलीत या घराण्याच्या गाड्या १९६९ सालीच बंद पडल्या. आपल्याकडं मात्र ती २००० सालाच्या आसपासपर्यंत बनत राहिली, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली.

आता खरं सांगायचं तर ही गाडी फार बिनतक्रारी नव्हती. मे महिन्यात पेट्रोल पंप तापून पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी भर रस्त्यात बंद पडायची. मग पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबायचं. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी. खालचा पत्रा कुजायचा, किंग पिन झिजायच्या. पण कुणी तिला बेभरवशाची म्हटलं नाही. कारण तिचा प्रत्येक भाग इथं कुणीतरी बनवत होतं. गॅस्केट, पिस्टन रिंग, कार्ब्युरेटरचं किट, सगळं दुकानात टांगलेलं असायचं. नाहीच मिळालं तर लेथवर बुश घडवून घ्यायचा. बंद पडलेली गाडी संध्याकाळपर्यंत घरी यायची. भरवसा म्हणतात तो हाच. गाडी कधीच बंद पडणार नाही, असा दावा कुणी करत नव्हतं.

याच्या उलट उदाहरण मद्रासचं. तिथल्या स्टँडर्ड कंपनीनं १९८५ साली 'स्टँडर्ड २०००' आणली. अंग इंग्लंडच्या रोव्हर एसडी-१ चं, दिसायला राजबिंडी. पण बॉनेटखाली जुन्या स्टँडर्ड व्हॅनगार्डचं इंजिन. किंमत भारी, पेट्रोल भरपूर, पळायला जड. तीन वर्षांत खेळ आटोपला. नुसतं युरोपचं अंग आणून युरोपची गाडी होत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

मग आलं उदारीकरण. १९९० च्या दशकाच्या मध्याला कल्याणच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ निघाली. १९९६ ला फियाट उनो आली, तिच्यासाठी लोकांनी दोन लाखांहून जास्त बुकिंग केली, आणि त्याच वेळी कुर्ल्यात संप झाला. आणि आपल्या दारात, चाळीसेक किलोमीटरवर हालोलला, १९९६ मध्येच ओपेल अ‍ॅस्ट्रा बनू लागली. त्या जागी आधी हिंदुस्थान मोटर्सचे बेडफर्ड ट्रक बनायचे. बिर्ला आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारी केली, १९९९ मध्ये अमेरिकन कंपनीनं भागीदाराचा वाटा घेतला. बडोद्यातली किती मराठी मुलं तेव्हा हालोलच्या बसमध्ये चढायची! जर्मन गाडी गुजरातेत बनते, याचा आम्हा सगळ्यांना केवढा अभिमान. पुढं ओपेल कोर्सा आली.

आणि मग एकेक दार बंद होत गेलं. प्यूजो तीन-चार वर्षांत गेली. ओपेलचं नाव भारतात २००६ साली काढून टाकलं, त्याजागी शेव्हरोले राहिली. २०१७ च्या एप्रिलमध्ये हालोलचा कारखाना थांबला, वर्षअखेर शेव्हरोलेची विक्रीही. त्याच वर्षी युरोपात ओपेल जनरल मोटर्सकडून प्यूजोवाल्यांच्या समूहाकडं गेली. हालोलच्या शेडमध्ये आता एमजी नावाच्या गाड्या बनतात. नाव इंग्रजी, त्या नावाची मालकी चिनी. कारखाना तोच, गाव तेच, पण आधीच्या गाड्या घेणारी माणसं मागं राहिली.

दादांनी १९९९ मध्ये निवृत्तीच्या पैशातून एक युरोपीय गाडी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, ते आज महत्त्वाचं नाही. बडोद्याच्या रस्त्यावर तेव्हा अशी चार-पाच नावं होती, त्यातलीच एक. गाडी खरोखर सुंदर. दार लावताना 'धप्' असा भरीव आवाज, शंभरच्या वेगाला जमिनीला चिकटून चालणारी. आईची हृदयाची ट्रीटमेंट अहमदाबादला चालू होती, दर तीन आठवड्यांनी जावं लागायचं. तिला बसमध्ये त्रास व्हायचा, या गाडीत ती मागच्या सीटवर झोपून जायची. दादांनी गाडी घेतली ती मुख्यतः त्यासाठी.

२००७ च्या उन्हाळ्यात एक्सप्रेसवेवर आणंदच्या पुढं गाडी बंद पडली. काही आवाज नाही, धक्का नाही, इंजिन एकदम गप्प. अर्ध्या तासानं आपोआप सुरू झाली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, आणि आई चाळीस मिनिटं उन्हात. बडोद्यातला डीलर तोवर शटर ओढून गेला होता. अहमदाबादच्या वर्कशॉपमध्ये सांगितलं, पार्ट बाहेरून येईल, आठ ते दहा आठवडे लागतील, आणि पूर्ण वायरिंग बदलावं लागेल. जो आकडा सांगितला तो दादांच्या तीन महिन्यांच्या खर्चाएवढा होता. दादा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आई म्हणाली, "राहू दे, मी नाही जात आता." तिला गाडीची पर्वा नव्हती, पैशांची होती. मला ते वाक्य अजून ऐकू येतं.

उस्तादांनी गाडी दोन दिवस ठेवून घेतली. सुरू करून तापू दिली, बंद पडल्यावर इंजिनच्या एका कोपऱ्यावर पाणी मारलं, लगेच सुरू. पुन्हा तापवली, पुन्हा पाणी. मग बोटाएवढा एक सेन्सर काढला. हा सेन्सर इंजिन किती नि कुठवर फिरलं ते सांगतो. तो तापून मुका झाला की ठिणगी कधी द्यायची हे मेंदूला कळत नाही, आणि गाडी थांबते. उस्तादांनी तो रॉकेलनं पुसला, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, आ तो बॉशनो छे." कंपनीच्या छापाखाली बॉशचा दहा आकडी नंबर होता. दादांनी तो नंबर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या एका दुकानदाराला फोनवर सांगितला. चौथ्या दिवशी पार्ट बडोद्यात. वायरिंगला हातही लावावा लागला नाही. त्यानंतर दोन वर्षं, म्हणजे ती असेपर्यंत, आईची अहमदाबादची एकही खेप चुकली नाही.

यातून दादांनी मला जे समजावलं ते इथं मांडतो. गाडीची कंपनी गाडीतले सगळे भाग स्वतः बनवत नाही. इंजेक्शन, सेन्सर बॉशचे, दिवे कुणाचे, क्लच कुणाचा. हे पुरवठादार पाच कंपन्यांना तोच माल देतात. बॉशची इथली कंपनी तर १९५१ पासून आहे, मायको या नावानं आपण तिला ओळखायचो. म्हणून गाडीची कंपनी देश सोडून गेली तरी गाडी लगेच अनाथ होत नाही. तिचे नातेवाईक इथंच असतात, फक्त नंबर वाचता यायला हवा.

प्यूजो ३०९ चंच बघा. गाडी गेली, पण तिच्या डिझेल इंजिनाच्या जातीचं दीड लिटरचं इंजिन मारुतीनं पुढं झेन आणि एस्टीममध्ये बसवलं. त्यामुळं ३०९ वाल्यांना इंजिनाच्या कामाला वाट मिळाली. आणि फियाटची गोष्ट तर आणखी वेगळी. तिचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन मारुतीनं परवान्यानं मानेसरला बनवलं, २००७ पासून स्विफ्टमध्ये घातलं. टाटांच्या विस्टात तेच. २०२० पर्यंत लाखो गाड्यांत तेच इंजिन धावलं. स्विफ्टवाला म्हणायचा, "काय भरवशाची गाडी!" आणि फियाटच्या पुंटो-लिनियावाला म्हणायचा, "सर्व्हिसचे हाल." दोघांच्या बॉनेटखाली इंजिन मुळात एकच! फियाट आधी टाटांच्या शोरूममधून विकली जायची, २०१२ नंतर वेगळी झाली, आणि पुढं काही वर्षांत गेलीच. इंजिन इटलीचं, पण भरवसा मानेसरचा.

म्हणजे दोष सगळा युरोपाचा नाही, तसंच निर्दोषही कुणी नाही. उष्ण दमट हवेचा प्रश्न खरा आहे. फोक्सवॅगननं २०१३ साली जगभरच्या सोळा लाख गाड्या परत बोलावून ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल बदलून खनिज तेल घातलं, कारण गरम देशांत ते त्रास देत होतं. आणि दुसरा प्रश्न कुलपाचा. आमच्या त्याच गाडीची चिप असलेली चावी हरवली, तेव्हा मात्र उस्ताद हतबल झाले. मशीन कंपनीकडं, कोड कंपनीकडं. जे पाण्यानं आणि कानानं कळत नाही ते कुलपात गेलं, आणि तिथं आमची गल्ली संपली. अखेर २०११ मध्ये दादांनी गाडी काढून टाकली.

या कुलपाबद्दल कुणीतरी तक्रार केली होती, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? मूळ तक्रार होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट या तीन कंपन्यांविरुद्ध होती. चौकशी वाढत गेली, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. त्यात युरोपच्या होत्या, जपानी होत्या, आपल्या देशी पण होत्या. आरोप हाच, की सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत. कंपन्या अपिलात गेल्या, तो भाग वेगळा. पण आमच्या उस्तादांची अडचण देशाच्या आयोगानं कागदावर मान्य केली, हे मला मोठं वाटतं.

आता माझा मुलगा गाडी घेतोय, युरोपीयच. मी त्याला अडवलं नाही. एवढंच सांगितलं, शोरूममधला चहा पिऊन झाला की तीन गोष्टी विचार. या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स इथंच बनतं का? तेच इंजिन आणखी कुठल्या गाडीत आहे? आणि डीलर सोडून या गावात हिचं काम आणखी कोण करतं? पहिल्या दोन प्रश्नांना विक्रेत्याकडं उत्तर होतं. तिसऱ्याला तो गप्प बसला. मुलगा आता ते उत्तर मकरपुऱ्यातल्या गॅरेजमध्ये शोधतोय.

मंडळी, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, गोवा, तुमच्याकडंही अशा गाड्या झाल्या असणार. हेराल्ड, फियाट, ओपेल, कुठली का असेना. तिच्याबद्दल जरूर लिहा. पण गाडीचा रंग आणि नंबर सांगून थांबू नका. ती बंद पडल्यावर तुम्ही कुणाच्या दारात जायचात, आणि तो माणूस ती कशी सुरू करायचा, तेही लिहा. गाड्यांचे फोटो सगळ्यांकडं आहेत. त्या माणसांचे कुणीच काढले नाहीत.