तक्ते, टाचणवही आणि उर्दू शाळेची बाई

वीसेक वर्षांपूर्वी नशिराबादहून सकाळच्या बसने जळगावकडे किंवा भुसावळकडे निघालेले कुणीही त्या मुलींना ओळखत असे. बुरखा किंवा ओढणी, काखेत गुंडाळलेले तक्ते, हातात पाठ टाचणाची वही. डी.एड.वाल्या. कंडक्टरही तक्ते चुरगळू नयेत म्हणून जागा करून देई. आज ते तक्ते फारसे दिसत नाहीत. ते आले कुठून आणि गेले कुठे, याचा हा थोडका हिशेब.

शिकवणे हेही शिकावे लागते, ही कल्पना आपल्याकडे तशी नवीच. पंतोजी असोत की मकतबातले मौलवीसाहेब, दोघेही आपल्या उस्तादाकडे पाहून शिकले. 1854 च्या वुडच्या खलित्याने शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलांचा आग्रह धरला. त्याआधीच सावित्रीबाई नगरला मिस फॅरर आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेऊन आल्या होत्या. फातिमा शेख यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. 10 ऑक्टोबर 1856 च्या सावित्रीबाईंच्या पत्रात फातिमावर पडणाऱ्या कामाची काळजी आहे. तेवढी एक ओळही मोलाची आहे. तिच्यावर आपण जे बाकीचे चरित्र रचतो, ते बहुतांशी अनुमान आहे, हे मात्र आपणच आधी कबूल करावे.

1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शेतकरी वर्गातून यावेत आणि नांगराच्या मुठीला हात लावायला त्यांनी लाजू नये, असे सांगितले. त्याच आयोगाने मुसलमान शिक्षकांसाठी वेगळ्या नॉर्मल स्कूलांची वा वर्गांची शिफारस केली. आपल्या गरजेला सरकारदरबारी शब्द मिळाला तो तेव्हा.

पुढे व्हर्नाक्युलर फायनल झालेला गुरुजी, मग पीटीसी, मग डी.एड. हर्बार्टची पंचपदी पाठ करून सरावपाठ घ्यायचा, निरीक्षक गेले की पुन्हा छडी हातात, हा विनोद पिढ्यान्‌पिढ्या टिकला. पण त्या पाठांनी एक गोष्ट केली. घरी खानदेशी वळणाची बोली, शाळेत उर्दू, बाजारात मराठी अशा मुलासमोर उभे कसे राहायचे, याचा निदान विचार तरी करायला लावला.

डी.एड.चे खरे महत्त्व आमच्या मोहल्ल्यांना वेगळ्याच कारणाने कळले. मुलीला बारावीपुढे शिकवायला कचरणारा बाप डी.एड.ला तयार होई. नोकरी शाळेतली, वेळ ठरलेली, सोबत बायका-मुले. 2000 साली शिक्षण सेवक योजना आली. तीन वर्षे दरमहा 3000 रुपये मानधन आणि मग कायम. रक्कम अपमानास्पद होती, तरी लोकांनी दागिने मोडून फी भरली. मागणी पाहून गल्लोगल्ली विद्यालये निघाली. इमारत एक, पाट्या चार. राज्यातल्या 291 डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 2011 मध्ये न्या. वर्मा आयोग नेमला गेला, 2012 मध्ये अहवाल आला आणि त्यांतल्या बहुसंख्य संस्था अपात्र ठरल्या. दोष संस्थाचालकांचा, वर्षे मात्र मुलींची गेली.

भरतीही आटली. शिक्षण हक्क कायद्यानंतर पात्रता परीक्षा आली. महाराष्ट्रात ती प्रथम 15 डिसेंबर 2013 रोजी झाली. पदविका हातात असून नोकरी नाही, म्हणताना प्रवेश घटले, वर्ग ओस पडले, एकेक छोटे विद्यालय बंद झाले.

ज्यांना नोकरी लागली, त्यांच्याही मागे परीक्षा आहेच. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांना दोन वर्षांत ती उत्तीर्ण होण्यास सांगितले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. इथे आपली एक गफलत होते. उर्दू शाळा म्हणजे अल्पसंख्याक संस्था, असे आपण धरून चालतो. जिल्हा परिषदेची उर्दू शाळा ही सरकारी शाळा आहे, तिथल्या बाईला ती सवलत लागू नाही. बसमधली ती तक्तेवाली मुलगी आता चाळिशी ओलांडून गेली आहे. मुलाची दहावी आणि तिचे बालमानसशास्त्र, दोन्ही अभ्यास एकाच दिव्याखाली चालले आहेत.